जुलैमधलं एक किलोमीटर

शनिवारी आमची शाळा सकाळची असते. पावसाळ्यातल्या शनिवारी त्या वेळी खंडाळ्यातून डोंगराकडे निघालेली बहुधा मी एकटीच. मुंबईच्या गाड्या घाट चढून आलेल्या असतात, भुट्टेवाल्यांच्या शेगड्या पेटलेल्या असतात, घाटाच्या वळणांनी पिवळं पडलेलं एखादं पोर खिडकीतून डोकं काढून बसलेलं असतं. त्या रांगेच्या कडेकडेनं स्कूटर काढत मी वाडीच्या रस्त्याला लागते. दोन वर्षांपूर्वी अशाच एका शनिवारी शाळेच्या फाटकाशी एक मोठी गाडी थांबली. काच खाली झाली. "मॅडम, हा बंगला रात्रीपुरता मिळेल का?"

मी म्हटलं, "मिळेल की. पण सकाळी साडेसातला परिपाठाला उभं राहावं लागेल."

मंडळी हसली, धबधब्याचा रस्ता विचारून निघून गेली. मला राग आला नाही. दोन खोल्या, उतरतं छप्पर, पुढे ओटा आणि मागे डोंगर. आमच्या भागात असं जे जे दिसतं ते ते भाड्यानं मिळतं. शाळा तेवढी मिळत नाही. आणि या लहान शाळा इथे आणखी किती वर्षं राहतील, हा प्रश्न हल्ली आम्हालाही पडतो. म्हणून हा लेख.

माझा जन्म खंडाळ्याचा. वडील रेल्वेत, घाटातल्या हिलगँगमध्ये होते. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, तेव्हापासून या डोंगराचे दगड रुळांवर यायला बघतात आणि माणसं त्यांना अडवतात. पावसाळ्याआधी सुटलेले दगड हेरून पाडायचे आणि पावसाळाभर कंदील-झेंडी घेऊन रूळ चालायचे, हे वडिलांचं काम. रात्री घरी येऊन ते रेनकोट खुंटीला टांगत, तेव्हा आम्हाला कळायचं, गाड्या सुखरूप गेल्या. आम्ही भावंडं नगरपरिषदेच्या शाळेत पायी जायचो. डी.एड. झाल्यावर २००१ साली मी शिक्षणसेवक म्हणून लागले, महिना ३,००० रुपयांवर. तेव्हापासून जिल्हा परिषदेच्या शाळांत आहे. सध्याच्या शाळेचं नाव सांगत नाही. सांगितलं तर उद्या कुणीतरी 'लोकेशन' टाकून तिथेही रील काढायला येईल.

कुणाची शाळा?

आधी एक गोंधळ दूर करू. खंडाळा हे लोणावळा नगरपरिषदेच्या हद्दीत येतं, त्यामुळे खंडाळ्यातली सरकारी प्राथमिक शाळा नगरपरिषद चालवते. हद्द संपली, कुरवंडे, कुणे नामा, राजमाची अशी गावं सुरू झाली, की शाळा पुणे जिल्हा परिषदेची. आमचा रोजचा कारभार वडगाव मावळला पंचायत समितीत चालतो. तिथे गटशिक्षणाधिकारी बसतात. तालुक्याचे बीट पाडलेले असतात, बीटाला विस्तार अधिकारी. बीटात केंद्रं, केंद्राला केंद्रप्रमुख. आणि केंद्राखाली आम्ही, आपापल्या वाडीत. महिन्यातून एकदा केंद्राची शिक्षण परिषद भरते. तिथे भेटल्यावर आम्ही एकमेकींना 'कशी आहेस' असं विचारत नाही. पहिला प्रश्न असतो, "तुझा पट किती?"

पट म्हणजे हजेरीवरच्या मुलांची संख्या. शिक्षक किती मिळणार, खोली मिळणार की नाही, सगळं पटावर ठरतं. अमेरिकेतल्या लहानशा खेड्यात गावकरी स्वतःचं शाळा मंडळ निवडून देतात, घरपट्टीसारख्या स्थानिक करातून शाळेला पैसा देतात आणि शिक्षकही तेच नेमतात. आपल्याकडे १९६१च्या कायद्यानं जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्या ताब्यात गेल्या. आमच्या ग्रामपंचायतीला शाळेची भिंत रंगवता येते, शिक्षक नेमता येत नाही. गावाच्या हातात आहे ती शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात पंचाहत्तर टक्के पालक हवेत आणि सभासदांत निम्म्या बायका हव्यात, असं शिक्षणहक्क कायदा सांगतो. कागदावर ती सगळीकडे असते. आमच्याकडे ती खरोखर जागी झाली, त्याला कारण एक ओढा.

किलोमीटर कुणी मोजला?

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत, असं अंतर ठरलं. आमच्या शाळेत दोन वाड्यांची मुलं येतात. एक वाडी शाळेला लागून आहे, दुसरी ओढ्यापलीकडे. अंतर एक किलोमीटरच्या आतच आहे. मे महिन्यात पोरं ते करवंदं खात, दगड मारत पंधरा मिनिटांत येतात.

जुलैत तोच रस्ता वेगळा होतो. लोणावळा-खंडाळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा जुलै-ऑगस्टमध्ये. ओढ्यातले पाय ठेवायचे दगड दिसेनासे होतात. आवणीचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस असल्यामुळे आईबाप पहाटेच खाचरात गेलेले असतात. सहा वर्षांचं पोर डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ घेऊन काठाशी येतं, पाणी बघतं आणि परत जातं. पलीकडच्या वाडीतल्या एका आजींना मी एकदा जरा चढ्या आवाजात विचारलं, "आजी, नात चार दिवस का नाही?" त्या म्हणाल्या, "बाई, पानी उतरलं की धाडते. पोर गेली तर तुमची हजेरी काय कामाची?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सप्टेंबर २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव शिक्षण विभागानं मागवले. वीसपेक्षा कमी पटाच्या राज्यातल्या शाळांची संख्या तेव्हा १४,७८३ सांगितली गेली आणि त्यांतली मुलं १,८५,४६७. म्हणजे शाळेमागे साधारण बारा-तेरा मुलं. आदर्श म्हणून नंदुरबारचं तोरणमाळ आणि आमच्याच जिल्ह्यातलं पानशेत ही नावं पुढे आली. लहान शाळांतली मुलं एका मोठ्या, सोयीच्या शाळेत आणायची, त्यांच्यासाठी गाडी ठेवायची, अशी ती कल्पना.

या कल्पनेवर आमच्या शिक्षण परिषदेत भांडणं झाली. मी दोन्हीकडची बाजू सांगते. पट चार झाला की शाळा खरोखर उदास होते. तिसरीत एकटंच पोर असेल तर ते चुकतं कुणाच्या सोबत आणि जिंकतं कुणाशी? खो-खोला गडी पुरत नाहीत. मोठ्या शाळेत मैदान असतं, ग्रंथालय असतं, वर्गाला एक शिक्षक असतो. ज्या गावात बारमाही रस्ता आहे, गाडी वेळेवर येते आणि पालकांनी स्वतः होकार दिलाय, तिथे माझा विरोध नाही.

पण गाडी डांबरावरून धावते आणि आमची पोरं त्या डांबरापर्यंत चालत येतात. शाळा तीन किलोमीटर लांब गेली की पहिलं कोण घरी बसतं, हे सांगायला कुठला अभ्यास नको. मुली बसतात आणि कातकऱ्यांची पोरं बसतात.

आता गंमत बघा. शिक्षकांच्या बदल्यांसाठी सरकारनं 'अवघड क्षेत्र' नावाचा प्रकार ठरवला आहे. तिथे तीन वर्षं काढली की बदली मागण्याचा हक्क मिळतो. अवघड कशाला म्हणायचं त्याच्या निकषांत जास्त पाऊस आणि पावसात संपर्क तुटणं हेही आहे. म्हणजे शिक्षकासाठी पाऊस मोजला जातो. मुलासाठी मात्र नकाशावरची पट्टी. वास्तविक शिक्षणहक्काच्या २०१०च्या केंद्रीय नियमांत स्पष्ट लिहिलंय की जिथे भूभाग अवघड आहे, दरडीचा किंवा पुराचा धोका आहे, रस्ता नाही, घरून शाळेत येताना लहान मुलांच्या जिवाला भीती आहे, तिथे ही अंतराची मर्यादा कमी करून शाळा ठेवावी. नियम आहे. वाड्यांच्या याद्या करताना ते पान उघडावं, एवढंच आमचं म्हणणं.

ओढ्याची पाळी

ठराव आम्हीही केला. ओढ्यावर साकव हवा. साकव म्हणजे पायी जाण्यापुरता छोटा पूल. कोकणात आणि घाटमाथ्यावर हा शब्द पोरासोरांना माहीत असतो. समितीच्या बायकांनी ग्रामसभेत विषय लावून धरला, अंगठे आणि सह्या झाल्या, कागद वर गेला. कागदाचा प्रवास आपल्याला माहीत आहे. मध्ये पावसाळा आला.

तेव्हा मला वडिलांचा कंदील आठवला. दगड पडायचा तेव्हा पडेल, पण रूळ चालणारं माणूस हवं. समितीच्या बैठकीत मी विचारलं, "रोज सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास ओढ्यावर एक मोठं माणूस उभं राहू शकेल का?" आवणीच्या दिवसांत मजुरी बुडवून कोण थांबणार, यावर बरीच चर्चा झाली. शेवटी बायकांनीच पाळ्या वाटून घेतल्या. ज्या घराची पाळी, त्या घरची लावणी त्या दिवशी शेजारणी उरकून देणार. अशी इर्जिक आमच्याकडे नवीन नाही. तिला शाळेची एक पाळी जोडली गेली, एवढंच. दोन्ही काठांच्या झाडांना दोर बांधला. एका दगडाला पांढरा रंग दिला. पाणी त्या रंगाच्या वर गेलं की मुलं आणायची नाहीत. मग मीच पलीकडे, वाडीतल्या मंदिरात जाऊन दोन तास वर्ग घ्यायचा आणि सहशिक्षकांनी अलीकडची मुलं सांभाळायची.

मंदिरातला वर्ग हा माझा शोध नाही. मुलं शाळेपर्यंत येत नाहीत तर शाळा मुलांपर्यंत न्यावी, हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी भागात कधीच करून दाखवलं. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली. आज गावोगाव दिसणाऱ्या अंगणवाडीचं मूळही त्यांच्याच कामात आहे.

पाळी सुरू झाली त्या वर्षी जुलैची हजेरी मी नेहमीप्रमाणे लाल शाईनं मांडायला बसले आणि लाल शाई फारशी लागली नाही. त्या वहीचा फोटो कुठल्या अॅपवर चढवायची सोय नाही. असती तरी मी आधी तो पांढरा दगड चढवला असता.

दिवाळीनंतरची गळती

पावसाळा संपला की दुसरी गळती लागते. आमच्या वाडीत कातकरी कुटुंबं आहेत. महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास आदिम जमातींपैकी ही एक. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघतात आणि पावसाच्या तोंडाला परततात. आईबाप गेले की पोरंही जातात. हजेरीवर नाव असतं, बाकावर कुणी नसतं.

त्यावर दोन उपाय आहेत. पहिला, हंगामी वसतिगृह: आईबाप भट्टीवर आणि मूल गावातच कुणा नातेवाइकाकडे, त्याच्या जेवणाखाण्याची सोय शासनाच्या खर्चानं. दुसरा, शिक्षण हमी पत्रक. मूल गाव सोडताना आम्ही हे पत्रक त्याच्या हाती देतो. त्यावर त्याची इयत्ता आणि त्याला काय काय येतं ते लिहिलेलं असतं. ते दाखवलं की जिथे जाईल तिथल्या शाळेनं दाखल्याचा हट्ट न धरता त्याला बसवून घ्यायचं.

पत्रक दिलं म्हणजे काम झालं, असं मला बरीच वर्षं वाटायचं. मग तिसरीतली एक मुलगी मे महिन्याच्या अखेरीस परत आली. पत्रक तिच्या आईनं प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं होतं, घडीही मोडलेली नव्हती. "कुणाला दाखवू, बाई? तिकडं कोन वळखतं?" तेव्हापासून मी पत्रकाबरोबर फोन करते. भट्टी कुठल्या गावाजवळ आहे ते मुकादमाकडून काढायचं, तिथल्या शाळेचा नंबर केंद्रप्रमुखांकडून मिळवायचा आणि तिथल्या बाईंना किंवा सरांना सांगायचं, "माझी दोन पोरं तुमच्याकडे आलीत, सोमवारी भट्टीवर एक चक्कर मारा." दहातले चार फोन वाया जातात. बाकीच्यांत पोरं शाळेत बसतात.

वाचता येतं का?

सुधारणा म्हटली की पाहुणे भिंती बघतात. भिंती आम्हीही रंगवल्या आहेत. फळं, पक्षी, पाढे. एका कंपनीनं दिलेला मोठा टीव्हीसुद्धा आहे. पहिल्याच पावसाळ्यात ओल धरून त्याचा आवाज गेला. दुरुस्तीला कुणी इतक्या वर आलं नाही. आता त्याच्या काळ्या काचेत बघून मुली वेण्या नीट करतात. ग्रंथालयाची पुस्तकं मात्र शाबूत आहेत. ती मी पोषण आहाराच्या खोलीत फडताळात ठेवते, तिथे रोज खिचडी शिजते आणि हवा कोरडी राहते. पुस्तकांना जिरे-मोहरीचा वास येतो, मुलांची तक्रार नाही.

मी सुधारणा एकाच गोष्टीवर मोजते: तिसरीतलं मूल दुसरीचा परिच्छेद अडखळत का होईना, वाचून अर्थ सांगतं का? देशातल्या ग्रामीण भागात 'असर' पाहणी यातलं वाचन तपासते. २०१८ मध्ये तिसरीतली २७.३ टक्के मुलं दुसरीचा मजकूर वाचू शकत होती. कोरोनाच्या टाळेबंदीनंतर, २०२२ मध्ये, तो आकडा २०.५ वर आला आणि २०२४ मध्ये पुन्हा २७.१ वर गेला. घसरण भरून निघाली, हे खरं. चारातल्या जेमतेम एकाला वाचता येतं, हेही खरं. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन आणि गणिताचा पाया यावा यासाठी २०२१ साली 'निपुण भारत' सुरू झालं, त्याची मुदत २०२६-२७.

राज्यात ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ रोजी उघडले, तो दिवस मी विसरणार नाही. दुसरीतल्या पोरांनी त्याआधी वर्ग पाहिलाच नव्हता. चौथीतल्यांची अक्षरं पुसली गेली होती. त्या दिवशी आम्ही इयत्ता बाजूला ठेवल्या. ज्यांना अक्षर येतं ते एका कोपऱ्यात, शब्द येतो ते दुसऱ्या, वाक्य येतं ते ओट्यावर. चौथीतला मुलगा पहिलीतल्या बहिणीशेजारी बसला. लाजला, दोन महिन्यांत उठून पुढच्या कोपऱ्यात गेला. दोन शिक्षक आणि पाच इयत्ता असलेल्या शाळेत असं शिकवणं ही लाचारी समजली जाते. लहान शाळेचा खरा फायदा मला तिथेच सापडला: सतरा मुलांतलं कोण कुठे अडलंय हे रोज संध्याकाळी मला तोंडपाठ असतं.

शब्दही जवळचे लागतात. पावसाच्या धड्यात छत्रीचं चित्र असेल तर मी आधी खोळ आणि इरलं लिहून घेते. राब, आवणी, खाचर, खेकडा, करवंद. एकदा स्वतःच्या घरातला शब्द फळ्यावर वाचता आला की पुस्तकातल्या शब्दाची भीती जाते. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांना घेऊन असंच, मुलाच्या अनुभवापासून सुरुवात करत काम उभं केलं. राज्यभरातून शिक्षक ते बघायला गेले, मीही गेले होते. २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आलं, त्यामागे अशा कामांचा आधार होता.

मोठ्या बातम्याही आल्या. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. आमच्या पुणे जिल्ह्यातल्या, खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या शाळेनं २०२५ मध्ये जगातल्या उत्कृष्ट शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळवला. शिक्षक दत्तात्रय वारे तिथे गेले तेव्हा ती शाळा पटाअभावी बंद पडण्याच्या बेतात होती. पुरस्काराच्या दिवशी आमच्या ग्रुपवर पेढ्यांची चित्रं फिरली. मला त्या बातमीत पुरस्काराहून एक गोष्ट मोठी वाटली: पटाच्या यादीत जी शाळा संपलेली होती, ती गावानं आणि शिक्षकानं मिळून पुन्हा भरवली. ती आधीच मिटवली असती तर?

खंडाळ्याला पावसाळ्यात तुम्ही येताच. यंदा आलात तर एखादी सकाळ धबधब्याऐवजी डोंगरातल्या एखाद्या वाडीची शाळेची वाट चालून बघा, साडेदहाच्या आधी, पोरांच्या पावलांनी. शाळा बंद करायच्या की ठेवायच्या हे ठरवणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे. यादी मार्चमध्ये करा, पण सही जुलैत, ओढ्याच्या काठावर उभं राहून करा.

आमचा पट यंदा सतरा आहे. पलीकडच्या वाडीची नऊ मुलं रोज येतात. साकव अजून झालेला नाही. सोमवारी ओढ्यावर उभं राहायची पाळी माझी आहे.